जुनं इंजिन, ऑइलचा रिपोर्ट आणि "जाड ऑइल टाक" वाला सल्ला

गाडीने दीड-पावणेदोन लाख किलोमीटर ओलांडले की एखाद्या सकाळी डिपस्टिक काढून, पुसून, परत घालून बघितली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं दिसतं. पहिल्यांदा आपण म्हणतो मागच्या सर्व्हिसला कमी भरलं असेल. दुसऱ्यांदा तसंच झालं की मग चार जणांना विचारतो, आणि चारही जण एकच सांगतात, इंजिन म्हातारं झालंय, जाड ऑइल टाक. माझ्या गाडीचं हेच झालं. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही. मी जाड ऑइल टाकायच्या आधी जुनं ऑइल एका छोट्या बाटलीत भरून लॅबला पाठवलं, म्हटलं बघू तरी आत काय चाललंय. रिपोर्ट आला तर वीस-पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीसमोर आकडा, आणि खाली शेरा एका वाक्याचा, सगळं नॉर्मल. आता सगळं नॉर्मल असेल तर ऑइल जातंय कुठे?

ह्या एका प्रश्नापायी मला तो रिपोर्ट वाचायला शिकावं लागलं, आणि नंतर कळलं की शेरा खोटा नव्हता पण अर्धवट होता. तो का अर्धवट होता ते पुढे येईल, आधी लॅबवाले नक्की करतात काय ते बघू.

ही कल्पना गाडीवाल्यांची नाहीच मुळात, रेल्वेवाल्यांची आहे. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेने डिझेल लोकोमोटिव्हच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू मोजायला सुरुवात केली, कारण इंजिन उघडून बघणं म्हणजे आख्खी लोको उभी करणं. मग १९५५ मध्ये अमेरिकन नेव्हीने तेच विमानांच्या इंजिनांसाठी उचललं. विचार सोपा आहे, की इंजिनात जे काही घासतं त्याची बारीक पूड ऑइलमध्येच उतरते, तर ऑइल तपासलं की कुठला भाग घासतोय ते उघडल्याशिवाय कळेल.

लॅबमध्ये ऑइलचा फवारा प्लाझ्मात, म्हणजे हजारो अंश तापलेल्या वायूत सोडतात. तिथे प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतो, तो प्रकाश मोजला की कुठला धातू किती ते समजतं. उत्तर पीपीएममध्ये येतं, म्हणजे एक किलो ऑइलमध्ये किती मिलिग्रॅम. माझ्या रिपोर्टमध्ये लोखंड ३० पीपीएम असतं तर मी आधी घाबरलो असतो, पण हिशोब करून बघा, ४ लिटर ऑइल म्हणजे साधारण ३.४ किलो, गुणिले ३०, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आसपास. हजारो किलोमीटर पळून आख्ख्या इंजिनातून एक ग्रॅमचा दहावा हिस्सा लोखंड निघालं. चिमूटभर सुद्धा नाही.

पण ह्या मशीनची एक मोठी खोड आहे आणि ती रिपोर्टवर कुठेच लिहिलेली नसते. त्याला फक्त अगदी बारीक कण दिसतात, ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठा कण प्लाझ्मात नीट जळतच नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे हळूहळू, नेहमीसारखी झीज चालू असेल तर रिपोर्ट छान सांगतो, पण एखाद्या बेअरिंगचे पापुद्रे निघत असतील, डोळ्याला चमकताना दिसतील असे, तर रिपोर्ट बिनधास्त नॉर्मल येऊ शकतो.

आता ओळी वाचायच्या कशा. सुरुवातीला मी एकेक धातू घेऊन बसायचो आणि एकेकाला घाबरायचो, ते चुकीचं आहे. धातू टोळीने वाचायचे असतात. एकटं लोखंड थोडं वर गेलं तर त्याचं काही विशेष नाही, लोखंड सगळीकडूनच येतं, सिलिंडरची भिंत, क्रँक, कॅमशाफ्ट, चेन, ऑइल पंप, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर आतल्या गंजातून पण येतं. लोखंडाबरोबर क्रोमियम आणि ॲल्युमिनियम पण चढत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा, पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ह्यांच्याकडे बघायचं, कारण बऱ्याच रिंगांवर क्रोमचा थर असतो आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. शिसं, तांबं आणि कथील एकत्र चढले की ती क्रँकच्या बेअरिंगची टोळी. बेअरिंगच्या वरच्या मऊ थरात पारंपरिक डिझाइनमध्ये शिसं-कथील असतं, त्याच्या खाली तांब्याचा मिश्रधातू, त्यामुळे आधी शिसं वाढलं आणि मग काही सॅम्पलनंतर तांबं त्याच्यामागून आलं तर थर उतरत चाललाय असं समजायला हरकत नाही. नवीन इंजिनांत बिनशिशाची बेअरिंग असतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

आणि एकटंच तांबं वाढलेलं दिसलं, शिसं जागच्या जागी, तर बहुतेक वेळा ते ऑइल कूलरमधून येत असतं. ऑइलचा ब्रँड बदलला की नव्या ऑइलमधलं केमिकल कूलरच्या तांब्यावर काम करतं, काही काळ आकडा वर जातो आणि मग आपोआप खाली बसतो. ह्या पायी लोकांनी इंजिन उघडलेली आहेत.

सिलिकॉनची ओळ मला सगळ्यात कामाची वाटते. सिलिकॉन म्हणजे बहुतेक करून धूळ. आणि धूळ म्हणजे सिलिका अधिक ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणजे अगदी पॉलिश पेपरचा मसाला. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोखंड तिन्ही एकदम वर गेले की एअर फिल्टरचा डबा, त्याचं रबर, थ्रॉटलपर्यंत जाणारा पाइप आणि त्याचे क्लॅम्प हे सगळं तपासायचं, भेगाळलेला पाइप सापडायची शक्यता बरीच असते आणि जुन्या गाडीत तर फारच. पण सिलिकॉन एकटाच वर आणि बाकी धातू शांत असतील तर आधी आठवा की मधे चेंबर (इंजिनखालचं ऑइल साठणारं भांडं) उघडलं होतं का, टॅपेट कव्हरला सीलंट लावलं होतं का. सिलिकॉन सीलंट ऑइलमध्ये झिरपतो आणि दोन-तीन ऑइल बदलेपर्यंत दिसत राहतो. शिवाय ऑइलला फेस येऊ नये म्हणून जे टाकतात त्यात पण थोडा सिलिकॉन असतोच.

सोडियम आणि पोटॅशियम म्हणजे कूलंटची चाहुल. दोन्ही मिळून प्रत्येक सॅम्पलला थोडे थोडे चढत असतील, आणि कूलंटच्या टाकीतली पातळी पण उतरत असेल, तर हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलरवर संशय घ्यायचा. पाणी इंजिनच्या उष्णतेने उडून जातं पण कूलंटमधले हे क्षार मागे राहतात, म्हणून पाण्याची ओळ शून्य असली तरी सोडियम चुगली करतो. ह्यातही फसवाफसवी आहे, काही ऑइलमध्ये कंपनी स्वतःच सोडियम घालते, आणि नव्या ॲल्युमिनियमच्या कूलरमध्ये जोड देताना वापरलेल्या फ्लक्समधून पोटॅशियम सुटतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, जे ऑइल वापरता त्याच्या नव्या, सीलबंद डब्यातलं सॅम्पल एकदा तरी लॅबला पाठवा, नाहीतर कुठला आकडा डब्यातून आलाय आणि कुठला इंजिनातून ते कळायला मार्ग नाही.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस, मॉलिब्डेनम, बोरॉन हे आकडे शेकड्यात आणि हजारात असतात आणि नवखा माणूस त्यांनाच बघून हबकतो. ते झिजेचे नाहीत, ते ऑइलमध्ये मुद्दाम घातलेले असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम धुणाऱ्या साबणासारखं काम करतात, झिंक आणि फॉस्फरस धातू-धातूच्या मधे थर धरतात. वापरून वापरून फार कमी होतात असंही नाही, त्यामुळे ह्या आकड्यांवरून ऑइल संपलं का ते कळत नाही. तुम्ही टाकलं तेच ऑइल आत आहे का, एवढं मात्र बऱ्यापैकी कळतं, कारण बऱ्याच ऑइलांचा ह्या धातूंचा ठसा वेगवेगळा असतो. मला एकदा असंच कळलं होतं की बिलावर एक ऑइल आणि इंजिनात दुसरंच. असो.

ऑइल थकलं का ते टीबीएनवरून बघतात, म्हणजे ॲसिड मारायची ताकद किती उरली आहे. पेट्रोल गाडीच्या नव्या ऑइलमध्ये ती साधारण ६ ते १० असते, १ ते २ वर आली की बदलायची वेळ झाली.

व्हिस्कॉसिटी (ऑइलचा जाडपणा, तो सेंटीस्टोकमध्ये मोजतात) आणि इंधन ह्या दोन ओळी एकत्र वाचायच्या. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या मधे असलं पाहिजे, ४० ग्रेड १२.५ ते १६.३. तुम्ही ३० टाकलंत आणि रिपोर्टमध्ये ८.५ आलं तर ऑइल ग्रेडच्या बाहेर गेलंय, मग फ्लॅश पॉइंट बघायचा, म्हणजे ऑइलची वाफ ज्या तापमानाला पेट घेते तो आकडा. नव्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर असतो, तो बराच खाली आला असेल तर पेट्रोल मिसळलंय. छोट्या छोट्या फेऱ्या, इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद, मिसफायर, गळका इंजेक्टर, अशी कारणं असतात. आणि इथे एक गंमत आहे, पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असेल तर ते डिपस्टिकवर ऑइल वाढल्यासारखं दाखवतं, म्हणजे गाडी ऑइल खात असली तरी पातळी जागच्या जागी, आणि मालक खूश की आपली गाडी थेंबभर पण खात नाही.

शेरा "नॉर्मल" आणि डबा रिकामा

आता माझ्या प्रश्नाकडे. ऑइल खाणाऱ्या गाडीचा रिपोर्ट खरा असूनही गोड का येतो?

एक बादली पाणी घ्या, त्यात दर मिनिटाला एक चमचा शाई टाका. पाणी गडद होत जाणार. आता बादलीला खाली छोटं भोक पाडा आणि जेवढं पाणी जातं तेवढं वरून स्वच्छ पाणी घालत रहा. शाई तेवढीच पडतेय, पण पाणी फिकट दिसतं. टॉप-अप म्हणजे हे वरचं स्वच्छ पाणी.

आकडे घेऊन बघू, सोपे घेतलेत, माझ्या गाडीचे नाहीत. समजा चेंबरमध्ये ४ लिटर ऑइल, आणि झीज अशी की दर १००० किलोमीटरला लोखंड ५ पीपीएमने वाढतं. ऑइल अजिबात न खाणारी गाडी ५००० किलोमीटरला २५ पीपीएम दाखवेल. तीच झीज असलेली दुसरी गाडी, पण ती १००० किलोमीटरला ४०० मिलिलिटर ऑइल जाळते आणि मालक तेवढं भरत राहतो, तिचा आकडा येतो २० च्या आसपास. आणि तिसरी, जी १००० ला एक लिटर पिते, ती दाखवते १४. तिन्ही इंजिनं आतून सारख्याच वेगाने झिजतायत आणि कागदावर सगळ्यात तब्येतवान दिसतं ते सगळ्यात जास्त पिणारं! टीबीएन पण तसाच, सारखं ताजं ऑइल पडत असल्याने छान दिसतो. लॅबवाल्याला तुम्ही किती टॉप-अप केलं ते सांगितलंच नसेल तर तो बिचारा काय करणार, नॉर्मल लिहिणार. मी फॉर्मवर ती जागा रिकामी सोडली होती.

एक बारकावा, ऑइल गळत असेल किंवा सिलिंडरमध्ये जळत असेल तर धातू पण बरोबर बाहेर जातो आणि वरचा हिशोब लागू पडतो. पण ऑइलचा नुसता हलका भाग वाफ होऊन उडत असेल तर धातू मागे राहतो आणि आकडा उलट जरा घट्ट होतो.

तर रिपोर्टच्या आधी वही पाहिजे. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला किती मिली वर टाकलं, थंड इंजिनवर सपाट जागेवर पातळी किती होती. किती खाल्लं तर जास्त म्हणायचं ह्याला एक आकडा नाही, काही कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्धा लिटर सुद्धा चालेल म्हणतात, जे मला स्वतःला फारच उदार वाटतं. मला त्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का ते महत्त्वाचं वाटतं. सहा महिन्यांपूर्वी १००० ला १०० मिली आणि आता ३०० असेल तर काहीतरी बदललंय.

जातंय कुठे ते शोधायला आधी फुकटच्या गोष्टी. गाडी उभी असते तिथे खाली पुठ्ठा टाकून ठेवा, गळती असेल तर दिसेल, पण चालताना तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर थेंब पडून जळून जाणारी गळती पुठ्ठ्यावर येत नाही, तिथे वास येतो. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट करताना निळा धुराचा एक फुगा आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत, रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरतं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आलात आणि परत दाबल्यावर मागे निळं दिसलं, तरी संशय सीलवरच जास्त. लोड असताना, चढावर, सतत धूर मारत असेल तर रिंगा. रिंगा झिजल्याच असतील असं पण नाही, ऑइल रिंगच्या बारीक छिद्रांत कार्बन बसून ती चिकटून बसलेली असते, भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवायचं तिचं कामच बंद होतं. आणि ह्या सगळ्याच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघायचा. इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा हा एवढासा भाग, तो अडकला की चेंबरमध्ये प्रेशर वाढतं, सील गळायला लागतात, नाहीतर तो उघडाच राहतो आणि ऑइल सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. माझ्या गाडीत निम्मा चोर हाच निघाला. आणि मी इंजिनचं काम काढायच्या तयारीत होतो.

मग जाड टाकायचं का नाही

आधी डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो पहिला आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५, २०डब्ल्यूची उणे १५. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. आणि लोकांची गफलत अशी होते की त्यांना वाटतं ५डब्ल्यू-३० थंड असताना ५ सारखं पातळ असतं आणि तापलं की ३० सारखं जाड होतं. ऑइल तापलं की पातळच होतं, कुठलंही. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना ६०-७० सेंटीस्टोक असतं आणि १०० ला १०-११ वर येतं. २०डब्ल्यू-५० हेच ४० अंशांना १५० च्या पुढे. म्हणजे सकाळी थंड इंजिनात ३० ग्रेड सुद्धा गरजेपेक्षा जाडच असतं, आणि तुम्ही त्याच्या दुप्पट जाड टाकताय.

जाड ऑइलने प्रेशर वाढतं म्हणून लोक खूश होतात, पण प्रेशर वाढलं म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नाही, ते पुढे सरकायला जास्त कुरकुर करतंय म्हणून प्रेशर वाढलं. एका मर्यादेवर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल बेअरिंगकडे न जाता मागे फिरतं. फिल्टरमधून पण जाड थंड ऑइल पटकन जात नाही, मग बायपास उघडतो आणि काही वेळ न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं. ज्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर बदलतं, म्हणजे व्हीव्हीटी, त्यात बारीक बारीक नळ्या असतात आणि तिथे ऑइल उशिरा पोचलं तर चेक इंजिनची लाइट लागू शकते.

एवढं बोलून मी जाड ऑइलच्या विरोधात आहे असं समजू नका. खरा आकडा डब्यावर नसतोच, तो डेटाशीटमध्ये असतो, एचटीएचएस म्हणतात त्याला. १५० अंश तापमान आणि पृष्ठभाग एकमेकांवरून जोरात सरकताना, म्हणजे बेअरिंगमध्ये असतं तसं, ऑइल किती जाड राहतं ते. ५डब्ल्यू-३० ला कमीत कमी २.९ लागतं, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला ३.५, आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. एसीईए ह्या युरोपियन कारकंपन्यांच्या संघटनेचा ए३/बी४ किंवा सी३ शिक्का असलेलं ऑइल ३० ग्रेडचं असलं तरी ३.५ च्या वर असावंच लागतं. म्हणजे ३० मध्ये पण दोन जाती आहेत आणि दुसरी जात जुन्या इंजिनाला जास्त मानवते असं माझं मत आहे, अर्थात मॅन्युअलमध्ये तो शिक्का चालत असेल तर.

मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तापमानाचा एक तक्ता असतो आणि त्यात एकाच इंजिनाला तीन-चार ग्रेड दिलेले असतात. तो तक्ता उघडून बघा, तुम्हाला जाड टाकायचं असेल तर परवानगी बहुतेक तिथेच सापडते. सध्या ३० टाकत असाल आणि रिंगांतून ऑइल जातंय, किंवा रिपोर्टमध्ये इंधन मिसळून व्हिस्कॉसिटी ग्रेडच्या खाली जातेय, किंवा तापल्यावर आयडलला प्रेशरची लाइट लुकलुकतेय (लाइट लुकलुकली तर आधी गेज लावून खरं प्रेशर मोजायचं, ते वेगळंच काम आहे), तर एक पायरी वर, म्हणजे ५डब्ल्यू-४०. डब्ल्यूचा आकडा तोच ठेवायचा, दुसरा एक पायरी वाढवायचा, म्हणजे थंडीत फार भुर्दंड नाही आणि गरम असताना थर जाड. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारायचं काही कारण नाही, ते इंजिन मुळात त्याच्यासाठीच बनलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि ऑइल खात नसेल, व्हिस्कॉसिटी जागेवर असेल, धातू शांत असतील, तर गाडीचं वय २० वर्षं असलं तरी ग्रेड बदलू नका. वयाला ऑइल देत नाही आपण.

ऑइल उडून जातंय असा संशय असेल तर डेटाशीटमध्ये नोआक नावाचा आकडा बघा. २५० अंशाला एक तास ठेवून किती टक्के वाफ झालं ते. ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडसाठी १५ टक्क्यांची मर्यादा आहे, चांगली सिंथेटिक ऑइलं १० च्या आत असतात. ग्रेड न बदलता कमी नोआकचं ऑइल घेणं हा उपाय फार लोक करून बघत नाहीत.

डब्यावरची एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) अक्षरं सोपी आहेत, पेट्रोल इंजिनासाठी एस पासून सुरू, पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं नवं, एसएल २००१ चं, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२० चं. नवं ऑइल जुन्या गाडीला चालतं. अपवाद अगदी जुन्या, फ्लॅट टॅपेटवाल्या इंजिनांचा, ज्यांत कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो. एसएमपासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यावर आणली, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, पण त्या जुन्या कॅमना झिंक-फॉस्फरसचा जाड थर लागतो. त्यांच्या मालकांनी झिंक जास्त असलेलं ऑइल शोधावं, बाकीच्यांनी ह्या चर्चेत पडू नये.

हाय मायलेज लिहिलेल्या ऑइलमध्ये काय वेगळं असतं, तर रबराचे सील जरा फुगवून मऊ करणारे घटक, बहुतेक एस्टर जातीचे, आणि साफसफाईचा डोस जरा जास्त. झिरपणारा सील असेल, कडक झालेला व्हॉल्व्ह सील असेल तर फरक पडू शकतो, पण दोन-तीन ऑइल बदलेपर्यंत वाट बघावी लागते. फाटलेला सील ऑइलने शिवला जात नाही. आणि सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळायला लागते ही भीती १९७० च्या दशकातली आहे, तेव्हाची काही सिंथेटिक ऑइलं सील आकसवायची. आता तसं राहिलेलं नाही. झालं तर एवढंच होतं की मळाने बुजलेली भेग मळ धुतल्यावर उघडी पडते. इंजिन फ्लशचं (आतला गाळ एकदम धुवायच्या केमिकलचं) मात्र मी जुन्या, आतून काळ्या झालेल्या इंजिनात नाव काढत नाही, सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसला तर ऑइलच वर चढणार नाही. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाकून ३०००-४००० ला बदलत राहिलं तर तोच गाळ हळूहळू निघतो.

रिपोर्टवरून ऑइल निवडणं

लोकांना वाटतं दोन ब्रँड वापरून दोन रिपोर्ट काढले की कमी लोखंडवाला जिंकला. असं होत नाही. १४ आणि १८ पीपीएम मधला फरक तर नुसत्या सॅम्पल घेण्याच्या पद्धतीने पडतो. जुनं ऑइल काढताना पूर्ण निघत नाही, थोडं आत राहतंच, ते नव्यात मिसळतं. नवं ऑइल जुना साठलेला थर धुवायला लागलं तर पहिला रिपोर्ट उलट वाईट दिसतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, किलोमीटर सारखे ठेवायचे, टॉप-अप लिहून ठेवायचं, आणि निदान तीन सॅम्पल झाल्याशिवाय मत बनवायचं नाही. एक रिपोर्ट म्हणजे सिनेमातला एक फोटो, त्यात नायक पळतोय का पडतोय ते कळत नाही.

सॅम्पल घेताना इंजिन तापलेलं पाहिजे, म्हणजे तळाशी बसलेलं सगळं ढवळलं जातं. ड्रेन नट काढल्यावर पहिली धार सोडून द्यायची, कारण तिच्यात नटाजवळचा कचरा असतो, शेवटची पण नको, मधल्या धारेत बाटली धरायची. साधारण १०० मिली पुरतं. बाटली लॅबने दिलेलीच वापरा, घरातली धुतलेली बाटली आणली तर साबणातला सोडियम पण रिपोर्टात येईल आणि तुम्ही हेड गॅस्केट शोधत बसाल. तापलेलं ऑइल हाताला चांगलंच भाजतं, हातमोजे घाला.

पीसीव्ही बदलून आणि ५डब्ल्यू-४० वर जाऊन माझ्या गाडीचं खाणं निम्म्याहून कमी झालं. आणि त्याच्या पुढच्या रिपोर्टमध्ये लोखंड वाढलं! पहिल्यांदा छातीत धस्स झालं, मग वही काढली. टॉप-अप कमी झालं होतं, बादलीत स्वच्छ पाणी पडायचं थांबलं होतं, शाई तेवढीच होती. शेरा ह्या वेळी "लोखंडावर लक्ष ठेवा" असा आला.

आता प्रत्येक वेळी फिल्टर पण कापतो. फिल्टर कटरने वरची कड कापायची, करवतीने नाही, करवतीचाच भुगा आत पडतो. कागदाच्या घड्या उलगडून, पिळून, उन्हात धरून बघायच्या आणि चुंबक फिरवायचा. लॅबच्या मशीनला न दिसणारे मोठे कण इथे दिसतात. मागच्या वेळी दोन-तीन बारीक चमकते ठिपके सापडले, चुंबकाला चिकटले नाहीत, म्हणजे ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचं काहीतरी. ते एका पारदर्शक डबीत तारीख टाकून ठेवलेत, पुढचा फिल्टर आणखी ५००० किलोमीटरनंतर कापेन तेव्हा शेजारी ठेवून बघणार आहे.